दीडशे वॉट

शनिवारी संध्याकाळी मान्यांच्या घरी पिक्चर असायचा. नवीन पनवेलमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उदयसिंह माने स्वतः पडदे ओढायचे, पंख्याची घरघर चालायची नाही म्हणून तो एकवर आणायचे, आणि हातात रिमोट घेऊन मंगलाष्टकं सुरू करायच्या बेतात असलेल्या भटजींसारखा चेहरा करून उभे राहायचे. कुमुदताई शेंगदाणे भाजून आणायच्या. त्यांची मुलगी रुचिरा उलव्याला एकटी राहायची आणि बेलापूरच्या एका प्रकाशनाच्या ऑफिसात मुद्रितं तपासायची. ती शनिवारी दुपारीच यायची आणि रविवारी जेवून परत जायची. हा नेम इतका जुना होता, की तो पाळावा लागत नसे.

त्या शनिवारी कोर्टातला एक जुना पिक्चर लागला होता. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, तोंड उघडलं, काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" कुमुदताईंनी विचारलं. त्यांची खुर्ची सगळ्यांत मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी असायची.

उदयसिंहांनी आवाज वाढवला आणि मागे वळून पाहिलं. "आता?"

"हं."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता काय म्हणाला तो?"

आवाज आणखी वाढला. वकील गरजू लागला, शोकेसची काच किणकिणली, आणि टीव्हीखालच्या रिसीव्हरमधून 'टक्' असा आवाज आला. सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा तो काळा डबा गप्प झाला. त्याच्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. पडद्यावर साक्षीदार मुक्याने हात हलवत राहिला.

"गेला बिचारा," उदयसिंह म्हणाले. "झेपत नाही त्याला."

"बिचारा तो कसला? बिचाऱ्या आम्ही," रुचिरा म्हणाली. "आत्ता खुन्याचं नाव घेणार होता, बाबा."

"अगं, दमच नाही त्याच्यात. सत्तर वॉटचा जीव. आणि आपले स्पीकर चार ओहमचे, म्हणजे खादाड. जास्त ओढतात. पंप लहान असला की टोकाला दाब यायचा कुठून?"

पाताळगंगेच्या एका रासायनिक कारखान्यात उदयसिंहांची सगळी नोकरी पंप आणि पाइपलाइनी सांभाळण्यात गेली होती. जगातली बहुतेक दुखणी त्यांच्या मते दाब कमी पडल्याने होत, आणि त्यावरचा इलाजही ठरलेला असे.

"दीडशे वॉटचा घेऊ," ते म्हणाले.

"दीडशे? आपला हॉल आहे की शिवाजी पार्क?"

"शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द गेला पाहिजे."

"मग शेवटची खुर्ची पुढे घ्या."

"तिथून मला कुकर बघता येतो," कुमुदताई मागून म्हणाल्या. हे मात्र त्यांनी नेमकं ऐकलं होतं, कारण रुचिरा त्यांच्याकडे तोंड करून बोलली होती. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उदयसिंहांनी लगेच टेप काढली. एक टोक रुचिराला धरायला लावून हॉल मापला, लांबी आणि रुंदी दोनदोनदा. मग उरण नाक्याजवळच्या दुकानदाराला, परेशला, फोन लावला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं. खुनी कोण ते त्यांनीच शेंगदाणे खातखात तोंडी सांगून टाकलं. रुचिरा चिडली. कुमुदताई हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे फिरायला गेले. तलावाजवळच्या बाकावर दम घ्यायला बसले, ते तिथेच.

*

त्यानंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते. साताऱ्याहून चुलत भाऊ आले, कारखान्यातले जुने सहकारी आले, सोसायटीतल्या बायकांनी डबे पाठवले. मग ती सगळी आपापल्या घरी गेली आणि हॉल पुन्हा दिसू लागला.

रुचिरा शनिवारी येत राहिली. पडदे उघडेच असायचे. संध्याकाळचं ऊन टीव्हीच्या काळ्या काचेवर पडायचं आणि त्यावरची धूळ दिसायची. कुमुदताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मोबाइलवर मालिका बघायच्या, तीही आवाज बंद करून.

"आवाज लाव की, आई."

"नको. डोकं उठतं."

त्यांचं बोलणं कमी होत चाललं होतं. फोन वाजत राहायचा, त्या उचलायच्या नाहीत. रुचिराने ऑफिसातली एखादी गंमत सांगितली तर त्या भलत्याच जागी मान डोलावायच्या. आणि एक गोष्ट रुचिराला फार उशिरा जाणवली. 'काय म्हणाला?' हा या घरातला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न, तो विचारणं कुमुदताईंनी आता सोडूनच दिलं होतं.

बाबांबद्दल दोघी बोलत नसत. मरणाच्या दाखल्याबद्दल बोलत, पेन्शनबद्दल, त्यांच्या स्वेटरांचं काय करायचं याबद्दल बोलत. नातेवाइकांनी फोनवर आईची चौकशी केली, की रुचिरा म्हणे, "खंबीर आहे ती." आणि सोसायटीतल्या बायकांनी रुचिराची चौकशी केली, की कुमुदताई म्हणत, "खंबीर आहे पोरगी." दोघींनी एकमेकींना असं खंबीर करून ठेवलं होतं, की आता माघार घ्यायला जागाच उरली नव्हती.

एका शनिवारी कुमुदताई म्हणाल्या, "ते स्पीकर वगैरे देऊन टाक कुणाला तरी. उगीच जागा अडते."

रुचिराने टीव्हीशेजारी उभ्या असलेल्या दोन उंच स्पीकरांकडे पाहिलं. त्यांच्या जाळ्या बाबा दर दिवाळीला ब्रशने साफ करायचे. ते स्पीकर गेले, की या हॉलमध्ये कुणी बसायचं कारणच उरणार नव्हतं. आई स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलावर एकटीच, आवाज बंद करून, हळूहळू विझत जाईल, हे तिला एकदम लख्ख दिसलं.

"देणार नाही," ती म्हणाली. "नवा रिसीव्हर आणू. बाबांनी ठरवला होता तसा."

"कशाला आता?"

"मला पिक्चर बघायचाय."

रुचिराला काही कळेनासं झालं, की ती वाचायला बसायची. कादंबऱ्या तिला सध्या वाचवत नव्हत्या, म्हणून तिने रिसीव्हरांची माहितीपत्रकं वाचली. पुढचे दोन आठवडे ती उलव्याच्या गॅलरीत, नव्या विमानतळाच्या दिव्यांकडे पाठ करून, तेच वाचत होती. खोक्यावर छापलेले वॉट बऱ्याचदा एकच स्पीकर चालू ठेवून मोजलेले असतात, सगळे चालू केले की आकडा खाली येतो. वॉट दुप्पट केले तरी कानाला आवाज जेमतेम थोडासा मोठा वाटतो. चार ओहमचे स्पीकर सगळ्या डब्यांना पेलत नाहीत. हे सगळं वाचूनही तिने मनाशी दीडशेच धरून ठेवलं होतं. बाबांचं शेवटचं ठरलेलं काम ते. त्यात दुरुस्ती करायला तिचा हात धजावत नव्हता.

*

"मी दुकानात येऊन काय करू?" कुमुदताई म्हणाल्या.

"येताना ओले बोंबील घेऊ."

एवढ्यावर त्या निघाल्या.

परेश घरत हा गव्हाणचा. आधी तो आसपासच्या गावांत हळदीच्या कार्यक्रमांना डीजे लावायचा. आता उरण नाक्याजवळ त्याचं 'गोदाई ऑडिओ' नावाचं दुकान होतं, आणि उलव्याच्या नव्या बंगल्यांमधून तो लोकांना घरात थिएटर करून द्यायचा. दुकानाच्या मागे त्याने भिंतींना गालिचे ठोकून आवाज ऐकायची एक अंधारी खोली केली होती.

"या काकी, बसा," तो म्हणाला, आणि रुचिराकडे वळला. "साहेबांचा कळला मला. त्याच शनवारी फोन आलता त्यांचा. दीडशे वॉट पायजे बोलले."

"तोच दाखवा."

"हॉल केवढा हाय?"

रुचिराने माप सांगितलं. परेशला हसू आवरेना. "अवो ताई, एवढ्या हॉलमदी दीडशे? आमी हळदीला लावतो ना, तवा नवरदेवाचा आजा घर सोडून वाडीत झोपायला जातो. तुमाला कुणाला पलवायचाय?"

"खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना," रुचिरा म्हणाली.

"मंग बरोबर हाय!" तो खूश झाला. "माझा काय जातंय, मी इकायलाच बसलोय. हा घ्या. आडदांड हाय. चार ओहम, दोन ओहम, काय बी लावा, गरम नाय होणार. उलव्याला एका शेठच्या बंगल्यात लावला, तर शेजारनीच्या घरातली फ्रेम पडली."

त्याने दिवे मालवले. पडद्यावर एसटी स्टँड आलं. बाकावर एक म्हातारी आणि तिचा नातू बसले होते, मागे गाड्यांची वर्दळ. म्हातारी नातवाला हळू आवाजात काहीतरी सांगत होती.

"आवाज कसा हाय, काकी?"

"छान आहे," कुमुदताई म्हणाल्या.

"अजून वाढवतो." गाडी सुरू झाली तशी रुचिराच्या खुर्चीचे हात थरथरले. "आता?"

"छान. घे, रुचिरा. चांगला आहे."

रुचिराने आईकडे पाहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची नजर ओळीत नसलेल्या गोष्टींवर आधी जाते. कुमुदताई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या रुचिराच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, कधी हसायचं आणि कधी मान हलवायची ते तिथून उचलत होत्या.

"परेश, जरा थांबवा." खोली शांत झाली. "आई, ती म्हातारी काय म्हणाली त्याला?"

"कोण?"

"आत्ता बोलली ती."

"बरंच काही बोलली की."

"पण काय?"

"परीक्षा घेतेस का माझी?" कुमुदताईंचा आवाज चढला. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उगीच सारखी केली, तिचे बंद एकावर एक ठेवले. "आवाज येतो गं. भरपूर येतो. शब्द येत नाहीत."

परेशने एकदा दोघींकडे पाहिलं. "च्या सांगतो," म्हणाला आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

"कधीपासून?" रुचिराने विचारलं.

"बरीच वर्षं झाली. ह्यांच्या रिटायरमेंटच्याही आधीपासून."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना वाटायचं, डबाच कमी पडतोय." कुमुदताई किंचित हसल्या. "माझ्यापायी दोन डबे बदलले त्यांनी. मी 'काय म्हणाला' म्हटलं, की हे वॉट वाढवणार."

रुचिराला एकदम टेप दिसली, हॉलभर ताणलेली. शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द गेला पाहिजे. तिला इतकी वर्षं तो बाबांचा मोठ्या आवाजाचा षोक वाटला होता. आणि तो माणूस बायकोपर्यंत शब्द पोचवायला दाब वाढवत बसला होता. कारखान्यात टोकाची जाळी तुंबली, तर त्यांनी पंपाला हात न लावता आधी जाळी उघडून पाहिली असती. घरात मात्र ती उघडायचं धाडस कुणी केलं नव्हतं, तिनेही नाही.

"अगं, मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? माणूस आठवडाभर वायरी सोलत बसलेला. आवाज वाढवून मागे वळून बघायचे, 'आता?' म्हणून. मी 'हं' म्हटलं, की असे खुलायचे. कितीतरी पिक्चर मी नुसते त्यांच्याकडे बघत काढलेत." त्यांनी पिशवीचे बंद पुन्हा सारखे केले. "आणि बहिरी म्हणून घ्यायचं कोणाला असतं गं?"

"आणि आता? आता तर तू विचारतसुद्धा नाहीस."

"तू आधीच दमून येतेस. तुला आणि किती वेळा बोलायला लावू?"

 रुचिरा उठली, तिने दार उघडलं आणि परेशला हाक मारली.

"परेश, दीडशे वॉट नकोत मला."

"आता? गाडी स्टेशनातून सुटली नं ताई!"

"वॉट पुरेसे असले की झालं. चार ओहमचे स्पीकर पेलले पाहिजेत. पण बोलणं वेगळं उचलून मोठं करता आलं पाहिजे, आणि टीव्हीखालचा मधला स्पीकर एकटा वाढवता आला पाहिजे. आणि स्पीकर चालू ठेवून त्याच वेळी ब्लूटूथच्या हेडफोनलाही आवाज गेला पाहिजे."

"दोन्ही एका टायमाला? असा नाय होत. हेडफोन लावला की भायेरचा बंद."

"होतं. त्या मधल्या रॅकवरच्या डब्यात होतं. मी मॅन्युअल वाचलंय. सेटिंगमध्ये ब्लूटूथ ट्रान्समीटर, आणि त्याच्या आत आउटपुट मोड."

"त्यो तर निम्म्या ताकदीचा हाय. लोक त्याच्याकडं बगत बी नाय." पण परेशने तो जोडला. मेनूत शिरला, हरवला, बाहेर आला. "मॅन्युअल वाचनारा गिराईक पैल्यांदा बगितला मी. ताई, तुमी दुकान टाका, मी परत डीजे लावतो." शेवटी त्याला ते सापडलं. "आयला. हाय की!"

त्याने कुमुदताईंच्या कानांवर हेडफोन चढवला आणि म्हातारीला पहिल्यापासून सुरू केलं.

कुमुदताई आधी दचकल्या. मग पुढे झुकल्या.  रुचिरा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि आई या खेपेला तिच्याकडे अजिबात बघत नव्हती.

"बटाटावडा नको म्हणतेय ती," कुमुदताई मोठ्याने म्हणाल्या. हेडफोनमुळे त्यांना आपल्या आवाजाचा अंदाज नव्हता. "तिला पोटाचा त्रास आहे! आणि तो मेला तिच्याच पैशांनी वडा खातोय!"

परेश हसत सुटला. रुचिराने पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं निमित्त केलं.

निघताना त्याने पावती फाडता फाडता सांगितलं, "काकी, ह्यो झाला पिक्चरपुरता. पण कानाच्या डॉक्टरला दाखवा. मी बी दाखवलाय. हळदी वाजवून वाजवून ह्या कानाने मला सासूचा बोलना ऐकू येत नाय."

"तो आजार बरा करू नकोस," कुमुदताई म्हणाल्या.

बोंबील घ्यायचे दोघीही विसरल्या.

*

कानांची तपासणी व्हायची, तशी झाली. काचेच्या खोलीत बसून कुमुदताईंनी बारीक शिट्ट्या ऐकू आल्या की बटण दाबलं. बारीक आणि तीक्ष्ण आवाज त्यांना पोचतच नव्हते, आणि शब्दांच्या कडा त्याच आवाजांनी बनलेल्या असतात, असं तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवून सांगितलं. श्रवणयंत्र कानाच्या मापाने बनून यायला वेळ लागणार होता. तोवर घरच्यांसाठी त्यांची एकच सूचना होती. "ओरडू नका. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आणि स्पष्ट बोला. वाक्य पूर्ण करा. 'जाऊ दे, काही नाही' असं म्हणू नका. ऐकू न येणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त तेच मनाला लागतं."

परेश शनिवारी दुपारी रिसीव्हर बसवायला आला. त्याने जुन्या वायरी काढल्या, बाबांनी प्रत्येकीला चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या पाहिल्या आणि त्या तशाच ठेवून नव्या डब्यात खोचल्या. मग एका तिकाटण्यावर छोटा माइक लावला. खोलीत आवाज कसा फिरतो ते तो माइक ऐकणार होता आणि रिसीव्हर त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेणार होता.

"मेन सीट कुठली?" परेशने विचारलं. "जिथं बसून ऐकायचाय ती. माइक तिथं ठेवायचा."

रुचिराचा हात सवयीने समोरच्या, बाबांच्या वेताच्या खुर्चीकडे गेला. त्या खुर्चीवर अजून कुणी बसलं नव्हतं. कुमुदताई मागे गेल्या, दाराशी असलेली आपली खुर्ची उचलून आणली आणि वेताच्या खुर्चीशेजारी ठेवली. मग मागे सरून पाहिलं आणि आणखी थोडी पुढे ओढली.

"इथं ठेव."

"आणि कुकर?" रुचिराने विचारलं.

"काय?"

रुचिरा त्यांच्या समोर आली. "कुकर कसा बघशील?"

"आधीच लावून ठेवीन. तो काय पळून जातोय?"

परेशने सगळ्यांना गप्प केलं. स्पीकरांतून एकामागोमाग एक पाखरासारखे चिवचिवाट निघाले. शेजारच्यांच्या कुकरने शिट्टी दिली आणि रिसीव्हरने तक्रार केली, की खोलीत गोंगाट आहे. पुन्हा सुरू केलं. या वेळी सोसायटीची पाण्याची मोटर चालू झाली. परेशने कपाळावर हात मारला. तिसऱ्या खेपेला इमारतीवरून विमान गेलं, पण डब्याने ते खपवून घेतलं असावं. काम झालं.

"आता बगा," परेश हत्यारं गोळा करत म्हणाला. "साहेब असते तर बोलले असते, वॉट कमी पडले."

"बोललेच असते," कुमुदताई म्हणाल्या. त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी त्याच्या हातात शेंगदाण्यांचा पुडा दिला.

तो गेल्यावर रुचिराने पडदे ओढले. पंखा एकवर आणला. पिक्चर आईने निवडला. एक भांडकुदळ म्हातारा, त्याचा नवा भाडेकरू आणि दोघांच्या मधली एक मोरी. कुमुदताईंनी हेडफोन चढवला, पाय वर घेतले. रुचिरा वेताच्या खुर्चीच्या पलीकडे बसली. बाबांच्या स्पीकरांतून आवाज आला, मध्यम, स्वच्छ, काच न किणकिणवता. आईच्या कानांत तोच आवाज वेगळा, आणखी मोठा होऊन जात होता. दोघी एकच वाक्य एकाच वेळी ऐकत होत्या, आणि हे या हॉलमध्ये बहुधा पहिल्यांदाच होत होतं.

म्हाताऱ्याने भाडेकरूला काहीतरी टोमणा मारला. रुचिराच्या तो ध्यानात येईपर्यंत कुमुदताई खदखदून हसल्या होत्या.

"काय म्हणाला?" रुचिराने विचारलं.

अर्थातच त्यांना ते ऐकू गेलं नाही. पिक्चर ऐकत होत्या त्या. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. शेंगदाण्याची सालं मांडीवर पडली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मधली वेताची खुर्ची रिकामी होती. रुचिराने त्या खुर्चीकडे पाहिलं आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. कुणाला ऐकू जाणार नाही याची खात्री असते, तेव्हा माणूस बोलतो तसं.

पण कुमुदताईंनी नेमकं तेव्हाच वळून पाहिलं. इतकी वर्षं तोंडं वाचून काढलेली बाई ती. त्यांनी एक कान मोकळा केला. "काही म्हणालीस?"

'काही नाही' हे शब्द रुचिराच्या तोंडात तयारच होते. याच शब्दांवर तिने इतके महिने काढले होते.

ती उठली. तिने पिक्चर थांबवला. भिंतीवरचा दिवा लावला. तिपाई ओढून ती आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. आपल्या चेहऱ्यावर उजेड पडतोय ना, ते पाहिलं. कुमुदताईंनी हेडफोन पुरता काढून मांडीवर ठेवला आणि तिच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"मला बाबांची फार आठवण येते, आई," रुचिरा एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाली. "रोज येते. मी खंबीर नाही."